जांभळा करगा

त्या वर्षी मी रिकाम्या बाटल्या जपून ठेवायला लागले. इंजेक्शनच्या, अंगठ्याएवढ्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या शाईत तारीख, आणि मायच्या खोलीतल्या कोनाड्यात सगळ्या ओळीनं मांडलेल्या. मायला भेटायला आलेल्या बाया आधी तिच्याकडे बघायच्या, मग कोनाड्याकडे, आणि मग मला विचारायच्या, "हे काय करून राह्यली वं?" मी म्हणायची, "पुरावा." कशाचा, हे तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. पण कुठेतरी पाणी मुरतंय, याची मला खात्री होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि आमच्याकडची जुनी माणसं चंद्रपूरला अजून चांदाच म्हणत. आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांच्यामागे जंगल. मी मूलच्या शाळेत विज्ञान शिकवायची, सायकलनं जायची-यायची. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. शेती बटईनं दिलेली. घरात माय आणि मी, दोघीच. माझं लग्न झालं नव्हतं. तीन स्थळं चांगली आली होती, तिन्ही मी चौकशा करकरून परतवली. शेवटच्याच्या तर ऑफिसात जाऊन मी हजेरीबुक पाहायला मागितलं होतं. माय म्हणाली होती, "तू नवरा नाई पाहून राह्यली, चोर पाहून राह्यली."

हा स्वभाव बापाचा. त्याच्याकडे निदान कारण तरी होतं. लहानपणी त्याला विहिरीवर दुरून पाणी ओतलं गेलं, मोठेपणी त्याचं धान मोजून घेताना समोरच्याचा अंगठा मापाच्या आत गेला. म्हणून तो दोनच शब्द घोकत जगला, 'पाहून घे'. दीक्षा घेतली तेव्हा त्यानं देव सोडले, उपास सोडले, अंगातला दोरा सोडला. संशय तेवढा सुटला नाही. मला शाळेत घातलं त्या दिवशीही त्यानं मास्तरांच्या खुर्चीमागे जाऊन फळ्यावरचं गणित स्वतः करून पाहिलं होतं.

मायचं वेगळं. ती माणसांवर पटकन विश्वास टाकायची. तिचा संशय फक्त गवतावर. धान निंदायला गावातल्या सगळ्याच बाया जात, पण करगा ओळखणारी बाई कोण, असं कुणी विचारलं तर बोटं आमच्या घराकडे वळत. करगा म्हणजे रानटी धान. बी फेकून पेरलेल्या बांधीत तो आपला आपण उगवतो, दिसायला हुबेहूब धानासारखा, आणि लोंबी भरली की कापणीच्या आधीच दाणे मातीत सांडून मोकळा होतो. पुढच्या साली परत हजर. त्याला कोवळा असतानाच उपटावं लागतं, आणि कोवळा असतानाच तो ओळखू येत नाही, हीच मेख. माय कमरेत वाकून बांधीतून चालायची, रोपाच्या बुडाशी बोट घालायची, क्षणभर थांबायची आणि उपटायची किंवा सोडायची. डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी. ती गोळी तीस वर्षं त्याच एका जागी बसत आली होती.

त्याच जागी आधी पांढरा डाग पडला आणि मग जखम झाली. मायनं ते लपवलं. ती घरी तिखट खाईनाशी झाली तेव्हा मनात पाल चुकचुकली खरी, पण ती भलतीच. मला वाटलं, ही शेजारी जेवून येते आणि माझ्या हातच्या भाजीला नाक मुरडते. दोन महिने मी त्या रागात काढले. त्या दोन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

मग नागपूर. मोठ्या दवाखान्यात गालाचा तुकडा काढून तपासला, मग दीड महिना लाईट दिला. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे लाईटच म्हणत. जखम भरली. आम्ही घरी आलो, मायनं विहारात जाऊन मेणबत्ती लावली आणि चार महिन्यांनी तिच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. आता डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. ते गावातही घेता येईल म्हणाले, फक्त महिन्याला रक्त तपासायचं.

इंजेक्शन द्यायला गावातच माणूस होता. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर. तलावावरच्या ढिवर घरातला. त्याचे भाऊ जाळी टाकायचे, हा शिकला आणि औषधांत गेला. सगळं गाव त्याला कंपाउंडरभाऊ म्हणायचं. त्याची मुलगी नागपुरात दिली होती, तिच्याकडे तो महिन्याला जायचा आणि येताना मायच्या चार-पाच बाटल्या आणायचा. आमच्या टिनाच्या घरात उन्हाळ्यात भट्टी पेटते म्हणून बाटल्या त्याच्याच मातीच्या घरी, माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायच्या असं ठरलं. ठरवलं मीच. हे मी पुढे सोयीस्करपणे विसरले.

दर मंगळवारी माझी शाळा सुटली की तो यायचा. स्टोव्हवर स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज उकळायची, थंड करायची, बाटलीवरचं पत्र्याचं सील उचकटायचं, रबराच्या बुचातून सुई आत घालायची. औषध पिवळं होतं. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. हात इतका हलका की माय विचारायची, "झालं का?" आणि तोवर तो कापूस दाबून बसलेला असायचा. मग चहा. कधी येताना पानात गुंडाळून दोन मासे आणायचा, रस्सा मायला गिळता येतो म्हणून.

पाचव्या मंगळवारी गाठ बोटाला लागेना. मी परत परत चाचपलं. माय हसून म्हणाली, "आता मानच उपटते का?" त्या रात्री तिनं मऊ भात आणि अंबाडीची भाजी मागून खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी वर्गात कुणालाच रागावले नाही, आणि मुलींना वाटलं बाईंना बरं नाही.

नवव्या मंगळवारी गाठ परत लागली. दहाव्याला सुपारीएवढी. अकराव्याला तिच्याशेजारी दुसरी.

मी विज्ञानाची शिक्षिका. डोकं शांत ठेवून विचार केला, असं मी स्वतःला सांगितलं. औषध तेच, रोगी तोच, रोग तोच. सुरुवातीला गुण आला, म्हणजे औषध लागू आहे. आता गुण येत नाही, म्हणजे आता दिलं जातंय ते औषध नाही. यात चूक कुठे आहे? मला एकही सापडली नाही. बाटल्या कुणाच्या घरी? कंपाउंडरभाऊच्या. आणतो कोण? तोच. उघडतो कोण? तोच. बाप कानात बोलल्यासारखा वाटला, पाहून घे.

मग मी पाहायला लागले. तो डबी उकळायचा तेव्हा मी दाराआड उभी. वाटी परत द्यायच्या निमित्तानं त्याच्या घरी जाऊन माठाजवळचं फडकं उचलून आले. बाटल्यांच्या लेबलांवर सुईनं बारीक रेघ ओढून आले, म्हणजे बदलल्या तर कळेल. बदलल्या नाहीत. तरी मला वाटलं, बाटली तीच ठेवून आतलं बदलता येतंच की. संशयाला एकदा जागा दिली की तो घरातल्या माणसासारखा पाय पसरून बसतो.

बाराव्या मंगळवारी मी ते केलं. त्यानं औषध सिरिंजमध्ये घेतलं, आणि मी म्हटलं, "थांबा भाऊ." रिकाम्या बाटलीत तळाशी थेंबभर उरलं होतं. मायच्या तंबाखूच्या डबीतला चुना मी बशीत काढून ठेवलाच होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्या शाळेतली पाचवीतली मुलगीही सांगेल. अंगणात माय खाटेवर, शेजारच्या दोन बाया पायरीवर, आणि कंपाउंडरभाऊ हातात भरलेली सिरिंज घेऊन उभा. मी थेंब चुन्यावर पाडला.

लाल झालं नाही. पिवळंच राहिलं.

तिथं मी थांबले असते तरी पुष्कळ होतं. मी म्हणाले, "म्हणजे हळद नाही. दुसरं काही असंल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. त्यानं मायच्या दंडाला इंजेक्शन दिलं, नेहमीच्याच हलक्या हातानं, कापूस दाबला, सिरिंज धुतली, डबीत ठेवली, डबी पिशवीत ठेवली. मग म्हणाला, "बाई, उरलेल्या बाटल्या पोराच्या हाती पाठवून देतो. मी आता येत नाई." चहा चुलीवर होता. तो तसाच राहिला. माय तोंड भिंतीकडे करून पडली.

उरलेल्या बाटल्या आल्या त्या मी फेकून दिल्या. मग स्वतः एसटीनं नागपूरला गेले, दुसऱ्याच दुकानातून औषध घेतलं, मांडीवर ठेवून आणलं, आणि मूलच्या एका नर्सबाईंना येण्या-जाण्याचं भाडं कबूल करून त्यांच्या हातून चार मंगळवार दिलं. त्यांचा हात जड होता, मायचा दंड काळानिळा झाला. गाठी तीन झाल्या. आता बाटली माझी, दुकान मी निवडलेलं, हात वेगळा, आणि तरी तेच. कुणाही शहाण्या माणसाला इथे कळलं असतं. मला वाटलं, दुकानदारही सामील असणार.

भादवा सरत आला तेव्हा मायला घेऊन परत नागपूरला गेले. तिथले डॉक्टर उतारवयाकडे झुकलेले, थकलेले, कानाशी पांढरे झालेले. त्यांच्यासमोर मी कोनाड्यातल्या सगळ्या बाटल्या पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या. चिकटपट्ट्यांसकट. त्यांनी त्या एकेक करून पाहिल्या, हसले नाहीत, आणि विचारलं, "तुम्ही काय शिकवता?" मी सांगितलं. "मग उत्क्रांतीचा धडा शिकवत असाल."

शिकवत होते. जिराफाची मान, लाखो वर्षं, वगैरे. त्याचा इथे काय संबंध, असं माझ्या चेहऱ्यावर असणार. त्यांनी केसपेपर पालथा केला आणि लाल पेन्सिलीनं एक गोल काढला. म्हणाले, ही गालातली एक पेशी. ती दुभंगते, दोन होतात, चार होतात. दर वेळी आतल्या मजकुराची नक्कल करावी लागते, आणि नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काही चुकांनी पेशी मरते. पण जिथे रोज तंबाखू आणि चुना भाजतो, तिथे चुकाही जास्त आणि मरणही जास्त. अशा जागी एखादीला अशी चूक लाभते की ती भाजून मरत नाही, किंवा थांब म्हटलं तरी थांबत नाही. आजूबाजूच्या मरतात, हिची जागा वाढते. तिच्या लेकींत परत चुका, परत एखादी सरस. त्यांनी गोलातून फांदी काढली, फांदीतून फांदी. काही फांद्या फुली मारून तोडल्या, काही वाढवत नेल्या.

"तीस वर्षं हे चाललं होतं," ते म्हणाले. "आपल्याला जखम दिसली ती शेवटी शेवटी. गाठ म्हणजे एका जातीचं पीक नाही, बाई. त्यात पुष्कळ जाती मिसळलेल्या असतात, बऱ्याच एकमेकींशी भांडत असतात. आम्ही औषध देतो. ज्यांना ते मारू शकतं त्या मरतात, गाठ बसते, सगळे खूश होतात. पण हजारात एखादी आधीच अशी असते, जिला ते औषध बाधत नाही. तिला आम्ही काय केलं? तिच्या भोवतालची गर्दी हटवून दिली. औषध तेच आहे, गाठ ती राहिलेली नाही."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला ते खरं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, डॉक्टर डॉक्टरांना सांभाळून घेतात. जिराफाला लाखो वर्षं लागतात आणि मायच्या मानेत हे पाच महिन्यांत होतं? मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "जिराफाला पिल्लू व्हायला वर्षाच्या वर लागतं. इथली पिढी दिवसांत मोजायची." मग माझ्या पिशवीकडे पाहून हळू म्हणाले, "या बाटल्या खऱ्या आहेत. आता हे इंजेक्शन थांबवू. दुखणं कमी राहील एवढं बघू." मी केसपेपर घडी करून ठेवला. माय शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिचं तोंड तेव्हा बोटभरच उघडायचं.

परतीची एसटी गावाच्या फाट्यावर उतरवते, तिथून घर दहा मिनिटांवर. मधे आमची बांधी लागते. धान पोटऱ्यात होतं. मायनं माझा हात दाबला आणि धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, बसली. मला वाटलं दमली. तिनं काठीनं बांधीकडे दाखवलं आणि ओठ जवळजवळ मिटूनच म्हणाली, "करगा उपट."

"आता? आता तर लोंब्या येतील."

"उपट म्हनते ना."

मी साडी खोचून चिखलात उतरले. वीस वर्षं याच बांधीच्या धुऱ्यावर वाढलेली मी, नीट निरखून एक रोप उपटलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं पाहिलं. "हे धान व्हय." दुसरं दिलं. "हेबी धानच." तिसरं उपटायची माझी हिंमत होईना. मग ती म्हणाली, "जांभळं धान आठवते का तुले?"

आठवत होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. सावली नावाच्या गावी राहणाऱ्या मामानं, म्हणजे मायच्या सख्ख्या भावानं, एक नवलाचं बी आणून दिलं होतं. त्याची पानं जांभळी. करग्याची हिरवी. बापानं सगळी बांधी त्याच बियाण्यानं पेरली, आणि त्या साली निंदणं म्हणजे पोरांचा खेळ झाला. जांभळ्यात हिरवं दिसलं की उपटा. आम्ही लहान मुलींनी अर्धी बांधी साफ केली. गाव बघायला आलं. बाप मामाची तारीफ करताना थकत नव्हता, आणि बापानं कुणाची तारीफ केल्याचं मला एवढंच आठवतं.

चौथ्या साली बांधीत कुठे हिरवं नव्हतं. सगळं जांभळं, सगळं साफ. आणि कापणीच्या आधी अर्ध्या बांधीचे दाणे मातीत सांडले. करगा जांभळा झाला होता. बापानं त्याच दिवशी सावली गाठली आणि मामाच्या अंगणात, त्याच्या पाहुण्यांसमोर सांगितलं, तू बी भेसळीचं दिलं. त्यानंतर आमच्या घराची त्या घराशी बोलचाल उरली नाही. माय भावाच्या घरी परत गेली ती एकदाच, त्याच्या मातीला.

हे सगळं मला ठाऊक होतं. मामानं फसवलं, हेच ऐकत मी मोठी झाले होते. मग माय धुऱ्यावर बसून, शब्दाशब्दाला थांबत जे बोलली ते मला ठाऊक नव्हतं.

"बी चांगलं होतं. माह्या भावानं काही नाई केलं. कुठीतरी एखांद्या करग्याले आपल्या धानाचा रंग लागला असंल. एखांदाच. आमी हिरवं तेवढं उपटलं. जांभळं दिसलं का आपलं म्हनून सोडलं. तीन सालं असंच केलं. मंग उरलं कोन? माह्याच हातानं वाढलं ते. जितकी मी साफ निंदली तितका तो पक्का झाला."

"तुला हे तेव्हाच कळलं होतं?"

"तिसऱ्याच साली."

"मग बाबाले काऊन नाही सांगितलं?" मी नकळत तिच्यासारखी बोलले.

तिनं काठी बाजूला ठेवली. "तुह्या बापानं म्हटलं असतं, भावाची बाजू घेते. आन् मले म्हनावं लागलं असतं, माह्या नजरेनं धोका खाल्ला. सारं गाव माह्या नजरेले मानत होतं ना." तिनं हातातलं धानाचं रोप माझ्या पायाशी टाकलं. "भाऊ मेला तवा मी त्याच्या मातीले गेली. सांगाचं होतं ते सांगाले मानूसच नाई रायला. आता तू तेच करून राह्यली. मी मराच्या आंदी कंपाउंडरभाऊले आन. सुई टोचाची असंल तं त्याच्याच हातानं."

मी लगेच उठून गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी आठ दिवस गेले नाही. माफी मागायची म्हणजे अंगणातल्या त्या दोन बायांसमोर माझं चुकलं म्हणावं लागणार. शिवाय डोकं चालूच होतं. मामाचं बी खोटं नव्हतं हे कबूल, पण म्हणून बाटल्या खऱ्या होत्या हे कुठे सिद्ध होतं? रोज वाटायचं, उद्या. रोज माय दाराकडे पाहायची. तिचं दुखणं इतकं वाढलं की खाटेची दोरी धरून ती कण्हायची, आणि नर्सबाई मूलहून रोज येऊ शकत नव्हत्या. नवव्या दिवशी शाळेत उत्क्रांतीचा धडा होता. मी फळ्यावर जिराफ काढायला घेतला आणि हातून डॉक्टरांची ती फांद्यांची आकृती निघाली. एका मुलीनं विचारलं, "बाई, फुली मारलेल्या फांद्या चांगल्या होत्या का वाईट?" मी खडू खाली ठेवला. मी तास अर्धा सोडला, हेडमास्तरांना पोट दुखतंय म्हणून खोटं सांगितलं आणि सायकल सरळ तलावाकडे घेतली.

तो ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी पाठ केलेलं सगळं विसरले. "माय बोलावते," एवढंच म्हणाले. माफीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही. त्यानं जाळं बाजूला ठेवलं, हात धुतले, आत जाऊन पिशवी आणली आणि माझ्या सायकलच्या मागे चालत आला.

नागपूरच्या डॉक्टरांनी दुखणं मारायचं इंजेक्शन लिहून दिलं होतं, त्याच्या बाटल्या घरातच होत्या. त्यानं डबी उकळली. माय त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाटली हातात घेऊन तो उठला, खाटेला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. "बाई, सील पाहून घ्या."

मला वाटलं टोमणा आहे. पण त्याच्या आवाजात काही नव्हतं. मी पाहिलं, मान हलवली, मग त्यानं सील उचकटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. तो रोज यायचा, रोज बाटली घेऊन आधी माझ्यापाशी, मग मायपाशी. माय एकदा म्हणाली, "काऊन दाखवते रे भाऊ तिले? नोको दाखवू." तो म्हणाला, "राहू द्या बाई, सवय पडली."

माय दिवाळीच्या सुमारास गेली. करगा सांडून झाला होता आणि कापणी सुरू व्हायची होती. शेवटचं इंजेक्शन त्याच्याच हातचं. तेही त्यानं आधी मला दाखवलं.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. गावात तो कुणालाच सील दाखवायचा नाही. मी विचारून पाहिलंय. एका पावसाळ्यात मला मलेरिया झाला तेव्हा शेजारणीनं त्यालाच बोलावलं. म्हातारा झाला होता. मी त्याच खाटेवर, त्याच कोनाड्याखाली तापानं फणफणत पडले होते. त्यानं डबी उकळली, बाटली घेतली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरून थांबला. राहू द्या भाऊ, माझं चुकलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत इतक्या वेळा मनात म्हणून झालं होतं. मी तोंड उघडलं. तो वाट पाहत होता.

आणि मी सील पाहिलं. डोळे बारीक करून, नीट पाहिलं.